ईयू, तटस्थता आणि स्वित्झर्लंड: सारखे येणारे प्रश्न

स्वित्झर्लंडमधल्या बासेलला राहायला आल्यापासून मला हे प्रश्न सारखे येतात. काही पुण्या-मुंबईहून इकडे शिकायला किंवा नोकरीला यायच्या तयारीत असलेल्यांचे, काही बातम्या बघून गोंधळलेल्यांचे आणि दोन-तीन गोव्याचे. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलंय. सोप्याकडून किचकटाकडे जातंय, आणि एखादी गोष्ट आधी सांगून झाली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. स्वित्झर्लंड ईयूमध्ये आहे की नाही? व्हिसा तर एकच चालतो ना?

ईयूमध्ये, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये, नाही. व्हिसा एकच चालतो कारण तो व्हिसा ईयूचा नाही, शेंगेनचा, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न बघणाऱ्या देशांच्या गटाचा आहे, आणि शेंगेनमध्ये जायला स्विस लोकांनी जून २००५ च्या सार्वमतात ५४.६ टक्क्यांनी होकार दिला होता. उलट आयर्लंड ईयूमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर डब्लिनचं तिकीट काढू नका, अडकाल.

आमच्या इथली ८ नंबरची ट्राम सरळ जर्मनीत वाइल आम ऱ्हाइनला जाते, सहसा कोणी पासपोर्ट बघत नाही. पण कस्टम आहे, कारण शेंगेन माणसांच्या ये-जा करण्यापुरतं आहे आणि ईयूच्या कस्टम्स युनियनमध्ये स्वित्झर्लंड नाही. शनिवारी खरेदी करून परत निघालेले लोक पिशव्या सांभाळत जर्मन कस्टमच्या खिडकीपाशी हिरव्या कागदावर शिक्का मारून घ्यायला उभे असतात, त्या शिक्क्यावर जर्मन व्हॅट परत मिळतो. मग स्विस बाजूला आलं की माणशी एक किलोच्या वर मांस असेल तर ड्युटी, आणि २०२५ पासून दिवसाला १५० फ्रँकच्या वर सामान असेल तर स्विस व्हॅट भरायचा. आत नाही, बाहेर नाही म्हणतात ते काय असतं हे त्या रांगेत उभं राहिलं की लगेच कळतं.

२. मग ईयूशी नातं नक्की कसलं आहे?

करारांचं. शंभराहून जास्त करार आहेत. त्यातले मुख्य म्हणजे १९९९ चे सात (लोकांनी २००० मध्ये ६७.२ टक्क्यांनी मान्य केलेले) आणि नंतर २००४ चे. पहिल्या सातात नोकरीसाठी मोकळी ये-जा हा करार आहे, आणि या सातांना एक अट अशी आहे की एक मोडला की सातही मोडतात. त्यामुळे २०१४ मध्ये बाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घाला असा प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी पास झाला तेव्हा सगळ्यांचीच धावपळ झाली, शेवटी संसदेने तो इतक्या सौम्य रीतीने अमलात आणला की मोकळी ये-जा शाबूत राहिली, आणि २०२० मध्ये तीच पूर्ण बंद करा असा प्रस्ताव आला तो लोकांनी ६१.७ टक्क्यांनी पाडला. पुढचं प्रश्न १४ मध्ये.

३. तटस्थता म्हणजे नेहरूंचा अलिप्ततावादच ना?

नाही, आणि हा गोंधळ आपल्याकडे फार होतो कारण बोलताना दोन्हीला आपण "तटस्थ" म्हणून टाकतो.

अलिप्ततावाद हे परराष्ट्र धोरण होतं: अमेरिका आणि रशिया यांच्या गटात जायचं नाही, प्रत्येक प्रश्नावर आपलं मत आपण ठरवायचं. भारताने अलिप्त असतानाच १९६२, १९६५, १९७१ ची युद्धं लढली आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करारही केला. तटस्थता हा कायद्याचा दर्जा आहे. त्याचे नियम १९०७ च्या हेग कराराने लिहिलेत: दुसऱ्या दोन देशांच्या युद्धात उतरायचं नाही, आपली जमीन कोणाला सैन्य न्यायला द्यायची नाही, शस्त्रविक्रीवर बंधन घातलं तर दोन्ही बाजूंना सारखंच घालायचं. जे देश कायमचे तटस्थ म्हणवतात ते शांततेतसुद्धा लष्करी युतीत जात नाहीत, कारण उद्या युद्ध लागलं तर त्यांना बाहेर राहता आलं पाहिजे.

स्वित्झर्लंडला हा दर्जा १८१५ मध्ये नेपोलियन पडल्यावर बड्या सत्तांनी मान्य केला. फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांच्यामधल्या घाटवाटा कोणा एकाच्या हातात जाऊ नयेत ही त्यांचीच गरज होती. आणि तटस्थ म्हणजे निःशस्त्र असं समजू नका, इथे पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा आहे. या दर्जाचा आपल्याला थेट उपयोगही झालाय: १९७१ च्या युद्धात भारत-पाकिस्तान संबंध तुटले तेव्हा दोन्ही देशांचं एकमेकांकडचं राजनैतिक काम स्वित्झर्लंडने सांभाळलं होतं.

४. तटस्थ राहायचं म्हणूनच स्विस ईयूमध्ये गेले नाहीत, बरोबर?

अर्धंच बरोबर. ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा तटस्थ असूनही आत आहेत, म्हणजे तटस्थतेने दार बंद होत नाही.

खरं काय झालं ते १९९२ मध्ये झालं. सरकारने मे महिन्यात सदस्यत्वाचा अर्जसुद्धा देऊन टाकला होता, आणि ६ डिसेंबरला लोकांनी त्याच्या अलीकडच्या पायरीवर, म्हणजे युरोपियन आर्थिक क्षेत्रात (ईयूचं सदस्य न होता तिच्या बाजारात) जायचं का यावर मत दिलं. ५०.३ टक्के नाही म्हणाले, फरक २४ हजार मतांच्या आसपास. फ्रेंच बोलणारे सगळे कँटन (कँटन म्हणजे इथली घटक राज्यं) हो म्हणाले, जर्मन बोलणाऱ्यांपैकी फक्त आमचे बासेलचे दोन अर्धे कँटन. विरोधाचं नेतृत्व क्रिस्टोफ ब्लोखर या राजकारण्याने केलं होतं आणि त्यात तटस्थता होती, पण जास्त जोर "परके न्यायाधीश नकोत" यावर होता. हा शब्दप्रयोग स्विस संघाच्या १२९१ च्या जुन्या सनदेशी जोडला जातो, इथल्या शाळकरी मुलालाही तो माहीत असतो.

माझं मत विचाराल तर मूळ भीती आपल्या मताची किंमत जाईल ही आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे वर्षातून साधारण चार वेळा सरकारी पाकीट येतं, त्यात मतपत्रिका आणि एक लाल पुस्तिका असते. त्या पुस्तिकेत प्रस्ताव काय, सरकार काय म्हणतं, विरोधक काय म्हणतात ते सगळं असतं, आणि आजी स्वयंपाकघरात चष्मा लावून पेन्सिलीने खुणा करत ती वाचतात. देशपातळीवर बायकांना मत मिळालं १९७१ मध्ये, तेव्हा त्या तरुण होत्या. १९९२ मध्ये त्यांनी हो म्हणून मत दिलं होतं आणि अजूनही तो निकाल त्यांच्या मनाला लागतो, पण ईयूमध्ये गेल्यावर या पाकिटातल्या निम्म्या गोष्टी ब्रुसेल्सला, ईयूच्या मुख्यालयात, ठरल्या असत्या तर चाललं असतं का असं विचारलं की त्या गप्प होतात. मला वाटतं ते गप्प होणं प्रामाणिक आहे.

तो अर्ज मात्र तसाच पडून होता, अधिकृतपणे मागे घेतला २०१६ मध्ये.

५. बहुमत मिळूनही प्रस्ताव पडतो असं ऐकलं, ते कसं काय?

घटना बदलायची असेल तर दोन बहुमतं लागतात, एक सगळ्या देशातल्या मतदारांचं आणि दुसरं कँटनांचं. २६ कँटन आहेत, त्यातले सहा अर्ध्या मताचे, म्हणजे एकूण २३ मतं आणि १२ हवीत. उरी कँटनची लोकसंख्या ४० हजारांच्या आत आणि झुरिकची १५ लाखांच्या वर, तरी मत एकेकच. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपन्यांना परदेशातल्या वागणुकीबद्दल जबाबदार धरा या प्रस्तावाला ५०.७ टक्के मतं मिळाली आणि कँटनांच्या मतावर तो पडला. १९९२ मध्येही कँटनांची मतं १६ विरुद्ध ७ होती, म्हणजे ती २४ हजार मतं इकडची तिकडे झाली असती तरी प्रस्ताव पडलाच असता. हे बातम्यांमध्ये कधी सांगत नाहीत.

६. ऑस्ट्रिया तटस्थ असून आत कसा काय गेला?

ऑस्ट्रियाची तटस्थता वेगळ्या पोटातून आलीय. महायुद्धानंतर दहा वर्षं तिथे चार देशांचं सैन्य होतं. सोव्हिएत सैन्य निघून जावं यासाठी ऑस्ट्रियाने मॉस्कोला शब्द दिला की आम्ही स्वित्झर्लंडसारखे तटस्थ राहू. १५ मे १९५५ ला व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर राजवाड्यात करार झाला, पण त्या करारात तटस्थता हा शब्द नाही. सैन्य गेल्यावर, २६ ऑक्टोबरला, संसदेने स्वतः कायदा केला, म्हणजे कोणी लादली असं होऊ नये. तोच दिवस आज त्यांचा राष्ट्रीय दिन आहे, त्यावरून लोकांच्या मनात तिचं स्थान कळेल.

आत जायचा अर्ज १९८९ मध्ये दिला, जून १९९४ मध्ये ६६.६ टक्के लोक हो म्हणाले, १ जानेवारी १९९५ ला सदस्य झाले. तोवर सोव्हिएत युनियनच राहिलं नव्हतं. आत जाताना घटनेत दुरुस्ती करून ईयूच्या परराष्ट्र धोरणात भाग घ्यायची मुभा घेतली. त्यामुळे तटस्थतेचा आता इतकाच गाभा उरलाय: लष्करी युती नाही, परक्या सैन्याचे तळ नाहीत. त्याला धक्का लावायची हिंमत तिथला मोठा पक्ष सहसा करत नाही.

७. आयर्लंडचे लोक एकच सार्वमत दोनदा घेतात असं का?

कारण १९८७ मध्ये रेमंड क्रॉटी या गृहस्थांनी कोर्टात जाऊन निकाल मिळवला की देशाचं सार्वभौमत्व कमी करणारा युरोपियन करार घटनादुरुस्तीशिवाय मान्य करता येणार नाही, आणि घटनादुरुस्ती म्हणजे सार्वमत आलंच. २००१ मध्ये नीसचा करार पडला, २००८ मध्ये लिस्बनचा करार ५३.४ टक्क्यांनी पडला. दोन्ही वेळा विरोधात इतर कारणांबरोबर एक भीती होती की आपली पोरं युरोपच्या सैन्यात जातील. मग सरकारने ब्रुसेल्सकडून तटस्थतेबद्दल लेखी खुलासे आणले, २००२ मध्ये तर ईयूच्या सामाईक संरक्षणात सामील व्हायचं नाही असं घटनेतच घातलं, आणि दुसऱ्यांदा दोन्ही करार पास झाले. लोकांना नको असलेलं परत परत विचारून घेतलं असं म्हणणारे खूप आहेत, मला ते पटत नाही, दुसऱ्या वेळी मतदारांसमोर खरोखर वेगळी हमी होती.

आयरिश तटस्थता ब्रिटनपासून सुटण्याची खूण आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे पंतप्रधान डी व्हलेरा यांनी ब्रिटनला बंदरं वापरू दिली नाहीत तिथपासून. बारापेक्षा जास्त सैनिक बाहेर पाठवायचे तर तीन किल्ल्यांचं कुलूप आहे: यूनोची मंजुरी, सरकारची आणि संसदेची. यूनोची किल्ली काढून टाकावी का, कारण सुरक्षा परिषदेत रशिया नकाराधिकार वापरू शकतो, यावर तिकडे मोठा वाद चालू आहे.

८. स्वीडन, फिनलंडने तटस्थता सोडलीच की. बाकीचेही सोडतील का?

फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला आणि स्वीडन ७ मार्च २०२४ ला नाटोत गेले. पण ते १९९५ मध्ये ईयूत गेले तेव्हापासूनच स्वतःला तटस्थ कमी आणि "लष्करी युतीबाहेरचे" जास्त म्हणत होते. फिनलंडला रशियाची तेराशे किलोमीटरहून लांब सीमा आहे, शीतयुद्धात तटस्थता ही त्यांची जगण्याची युक्ती होती, २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा ती युक्ती निरुपयोगी झाली असं लोकांचं मत काही आठवड्यांत बदललं. ऑस्ट्रिया, आयर्लंड, स्वित्झर्लंडच्या शेजारी रशिया नाही. मला नाही वाटत ते इतक्यात जातील.

९. रशियावर निर्बंध घातले म्हणजे स्विस तटस्थता संपली ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. २८ फेब्रुवारी २०२२ ला स्विस सरकारने ईयूचे निर्बंध स्वीकारले तेव्हा जगभर मथळे आले की स्वित्झर्लंडने तटस्थता सोडली. पण प्रश्न ३ मधले नियम परत वाचा, त्यात व्यापार थांबवू नका असं कुठेच नाही. १९९० मध्ये इराकवरच्या निर्बंधांतही स्वित्झर्लंड सामील झालं होतं, तेव्हा तर ते यूनोचं सदस्यही नव्हतं (ते झालं २००२ मध्ये, सार्वमत घेऊन).

तटस्थता खरी आडवी आली ती दारूगोळ्याच्या वेळी. जर्मनीकडे स्विस बनावटीचे विमानविरोधी तोफगोळे होते, ते युक्रेनला द्यायला जर्मनीने परवानगी मागितली आणि बर्नने, म्हणजे स्विस सरकारने, नकार दिला. रशियाला देत नाही तर युक्रेनलाही नाही, दोघांना सारखं. शेजारी भडकले, इथेही बरेच लोक भडकले, कारण हल्ला करणारा आणि ज्याच्यावर हल्ला झाला तो, यांना सारखं मोजणं मनाला पटत नाही. मलाही पटलं नाही. पण नियम तोच होता, आणि तो मोडायचा तर कायदा बदलून मोडायला हवा, मंत्र्याच्या सहीने नाही, हेही खरं.

दुसऱ्या बाजूला निर्बंधच नकोत म्हणणाऱ्यांनी २०२४ मध्ये एक लाखाहून जास्त सह्या गोळा करून मागणी दाखल केलीय की कायमची सशस्त्र तटस्थता घटनेत लिहा आणि यूनोने सांगितल्याशिवाय निर्बंध घालू नका.

१०. ईयू म्हणजे भारतासारखं संघराज्यच की. झेंडा आहे, संसद आहे, नाणं आहे.

दिसायला हो. पण भारतात संसद साध्या कायद्याने राज्याचं नाव, सीमा बदलू शकते आणि राज्य बाहेर पडू शकत नाही. ईयूमध्ये उलट आहे, देश बाहेर पडू शकतो (ब्रिटन पडलाच, ३१ जानेवारी २०२०) आणि करार बदलायचा तर २७ च्या २७ देशांची सही लागते. ईयूचं बजेट सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास असतं, आपल्या केंद्राशी तुलनाच नाही. स्वतःचं सैन्य नाही, पोलीस नाहीत. मात्र ज्या विषयात अधिकार दिलेत तिथे ईयूचा कायदा देशाच्या कायद्यावर चढतो, आणि बरेच निर्णय बहुमताने होतात: ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. परराष्ट्र धोरण आणि कर यात अजून एकमत लागतं, म्हणून एकटा हंगेरी अडवू शकतो.

११. मग फेडरल युरोप कोणाला हवाय आणि कोणाला नको?

आधी शब्दाचाच घोळ समजून घ्या. जर्मन किंवा स्विस माणसाला फेडरल म्हणजे सत्ता खाली वाटलेली, कँटनाकडे, गावाकडे. इंग्रजाला फेडरल म्हणजे सगळी सत्ता ब्रुसेल्सला. १९८८ मध्ये बेल्जियममधल्या ब्रूझला ब्रिटिश पंतप्रधान थॅचरबाईंनी याच भीतीवर भाषण केलं. गंमत अशी की "युरोपचं संयुक्त संस्थान" ही कल्पना मोठ्या व्यासपीठावरून मांडली ती चर्चिलने, १९ सप्टेंबर १९४६ ला, आणि तीही तटस्थ झुरिकमध्ये. त्यात ब्रिटन स्वतः असेल असं मात्र त्याच्या मनात नव्हतं.

फ्रान्सचं दुटप्पी वाटतं पण त्यामागे इतिहास आहे. फ्रेंच परराष्ट्रमंत्री शूमाननी ९ मे १९५० ला फेडरेशन हा शब्द वापरला, आणि चारच वर्षांनी फ्रेंच संसदेनेच सामाईक युरोपियन सैन्याचा करार पाडला. जर्मनीशी युद्ध संपून दहा वर्षं झाली नव्हती, त्यांच्या हातात परत बंदुका द्यायच्या कशा. पुढे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी १९६५ मध्ये युरोपच्या बैठकांना फ्रान्सची खुर्चीच रिकामी ठेवली. २००५ मध्ये युरोपची घटना फ्रेंच लोकांनी ५४.७ टक्क्यांनी आणि डच लोकांनी ६१.५ टक्क्यांनी फेटाळली. इटली, बेल्जियम, लक्झेंबर्ग जास्त उत्साही राहिलेत. जर्मन सरकारं उत्साही असतात पण त्यांचं घटना न्यायालय १९९३ आणि २००९ च्या निकालांत सांगून बसलंय की अमुक मर्यादेपुढे जर्मन लोकांना विचारल्याशिवाय जाता येणार नाही.

आणि बेल्जियम तर स्वतःच संघराज्य, १९९३ पासून घटनेतच तसं लिहिलंय, त्यामुळे २०१६ मध्ये वालोनिया या एका प्रांताच्या संसदेने कॅनडाबरोबरचा आख्खा ईयूचा व्यापार करार काही दिवस अडवून धरला होता.

१२. बेळगावसारखा सीमाप्रश्न स्वित्झर्लंडमध्ये असता तर काय केलं असतं?

होता, आणि नुकताच सुटला. ज्युरा हा फ्रेंच बोलणारा भाग जर्मन बोलणाऱ्या बर्न कँटनमध्ये होता. आंदोलनं झाली, जाळपोळही झाली. १९७४ मध्ये त्या भागाचं मत घेतलं, मग ज्या जिल्ह्यांना वेगळं व्हायचं नव्हतं त्यांना परत वेगळं विचारलं, १९७८ मध्ये सगळ्या देशाने मंजुरी दिली आणि १ जानेवारी १९७९ ला ज्युरा नवा कँटन झाला. मूतिए हे गाव बर्नमध्येच राहिलं. २०१७ मध्ये तिथे परत मत घेतलं, ज्युराची बाजू १३७ मतांनी जिंकली, पण गैरप्रकारांच्या तक्रारींवरून ते रद्द ठरलं, २०२१ मध्ये पुन्हा घेतलं, जवळपास ५५ टक्के ज्युराच्या बाजूने, आणि १ जानेवारी २०२६ ला गाव ज्युरात गेलं. पन्नास वर्षं लागली, आणि शेजारचं बेलप्रहोन गाव नाही म्हणालं तर ते बर्नमध्येच राहिलं. गावोगाव विचारत जायचं ही पद्धत मला फार थोर वाटते. आपल्याकडे सीमा ठरवायचा अधिकार संसदेकडे आहे (प्रश्न १०), म्हणून ती जशीच्या तशी उचलता येत नाही.

१३. एखाद्या ईयू देशावर हल्ला झाला तर ऑस्ट्रिया-आयर्लंडला लढावं लागेल का?

ईयूच्या करारातल्या कलम ४२(७) मध्ये लिहिलंय की मदत करणं बंधनकारक, पण त्याच कलमात पुढे आहे की काही देशांच्या संरक्षण धोरणाच्या विशेष स्वरूपाला बाधा येणार नाही. हे वाक्य तटस्थ देशांसाठी घातलंय. मदत म्हणजे सैनिकच असं नाही. हे कलम आतापर्यंत एकदाच वापरलं, नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर फ्रान्सने. उलटं उदाहरण हवं असेल तर नॉर्वे: नाटोचा संस्थापक, पण १९७२ आणि १९९४ अशी दोनदा ईयूला नाही म्हणालेला.

१४. ईयूबरोबरच्या नव्या करारांचं काय झालं?

मे २०२१ मध्ये स्विस सरकार वाटाघाटी सोडून उठलं होतं, त्याचा फटका संशोधनाला बसला, इथल्या विद्यापीठांना ईयूच्या मोठ्या निधीतून पूर्ण भाग मिळेना. पुन्हा बसून डिसेंबर २०२४ मध्ये नवा संच ठरला. त्यात ईयूचा कायदा बदलला की ठरलेल्या विषयांत स्विस कायदाही बदलायचा, आणि भांडण झालं तर लवादाकडे जायचं, मात्र ईयू कायद्याचा अर्थ त्यांचं न्यायालय लावणार. "परके न्यायाधीश" परत आले ते इथे. आणि सगळ्यात मोठा वाद असा की यावर नुसतं लोकांचं बहुमत पुरे की कँटनांचंही हवं; सरकारने नुसतं लोकांचं पुरे म्हटलंय, का ते प्रश्न ५ वाचल्यावर कळेल.

१५. मी गोव्याची. आजोबांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट मिळतोय. त्यावर स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करता येईल का?

येईल. पोर्तुगीज नागरिक म्हणजे ईयूचा नागरिक, आणि मोकळ्या ये-जा करारामुळे (प्रश्न २) तुम्हाला भारतीय पासपोर्टवाल्यांचा कोटा लागत नाही. वर्षभराचा किंवा त्याहून लांब नोकरीचा करार असेल तर सहसा पाच वर्षांचा परवाना मिळतो. आल्यावर १४ दिवसांत आणि काम सुरू करायच्या आधी राहत्या गावच्या कचेरीत नोंद करायची. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय गेलं. लिस्बनला नुसती जन्मनोंद झाली की नागरिकत्व घेतलं असं धरायचं का, यावर गोव्यात बरीच वर्षं वाद आहे. म्हणून नोंदीचा कागद पाठवायच्या आधी वकिलाला भेटा, आणि घरच्या जमिनीची, वारशाची कागदपत्रं बरोबर घेऊन जा.